वाद्यमेळाचे ध्वनिमुद्रण

लग्नसराईचे दिवस आले म्हणजे छत्रपती संभाजीनगर शहरातील औरंगपुऱ्याच्या रस्त्यांवर संध्याकाळच्या वेळी बँडचे सूर घुमू लागतात. वरात गुलमंडीच्या दिशेने हळूहळू सरकत असते. पुढे क्लॅरिनेट गाण्याची चाल आळवीत असते, ट्रंपेट तिला उत्तर देत असतो आणि मागून ढोल सर्वांना एका ठेक्यात बांधून ठेवीत असतो. वरात कोपऱ्यावरून वळली की एक मौज होते. क्लॅरिनेटचा बारीक सूर चटकन मावळतो, पण ढोलाचा खर्जातील आवाज बराच वेळ ऐकू येत राहतो. बारीक सुराच्या लहरी आखूड असतात, त्यामुळे त्यांना भिंतीचा कोपरा सहज ओलांडता येत नाही. खर्जाच्या लहरी लांब असतात, म्हणून त्या कोपऱ्याला वळसा घालून पलीकडे पोहोचतात. थोड्या वेळाने तोही आवाज विरून जातो आणि रस्ता पूर्वीसारखा होतो. घटकाभरापूर्वी येथे एवढे संगीत होऊन गेले याची कोणतीही खूण मागे उरत नाही.

संगीत ही कला अशीच क्षणजीवी आहे. याच शहराच्या उत्तरेस, बीबी का मकबऱ्याच्या मागील डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यांतील सातव्या लेण्यात एक नर्तकी आणि तिच्या दोन्ही बाजूंस बसलेल्या वादक स्त्रिया कोरलेल्या आहेत. शिल्पकाराने त्यांची बोटे, त्यांच्या माना आणि त्यांची तल्लीन मुद्रा इतकी जिवंत कोरली आहे की पाहणारा थबकून उभा राहतो. जवळजवळ तेरा-चौदा शतके तो वाद्यमेळ तेथे बसून आहे. परंतु त्या स्त्रिया कोणती धून वाजवीत आहेत, हे सांगणे आता कोणालाही शक्य नाही. शिल्प टिकले, वाद्यांचे आकारही टिकले. सूर मात्र नाहीसे झाले. ही उणीव भरून काढण्याचे साधन मनुष्याला अगदी अलीकडे, म्हणजे गेल्या दीडशे वर्षांत लाभले. त्या साधनाचे नाव ध्वनिमुद्रण. अनेक वादकांचा मोठा मेळ भर सभेत वाजत असताना त्याचे ध्वनिमुद्रण कसे होते, त्यात अडचणी कोणत्या येतात आणि त्याचे मोल काय, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे.

वरातीच्या बँडमध्ये जी वाद्ये दिसतात, ती मूळची युरोपातील लष्करी पथकांची. इंग्रजी पलटणींबरोबर ती भारतात आली आणि येथील लग्नमंडपात सनई-चौघड्याच्या शेजारी जाऊन बसली. अशीच लष्करी पथकांतील वाद्ये अमेरिकेतही होती. तेथे दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात ती कृष्णवर्णीय लोकांच्या हाती आली. या लोकांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून बळजबरीने पकडून आणून गुलाम करण्यात आले होते. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी अपमान आणि दारिद्र्य संपले नव्हते. त्यांची श्रमगीते, त्यांची प्रार्थनागीते, आफ्रिकेतील तालांच्या आठवणी आणि युरोपातील वाद्ये यांच्या संगमातून विसाव्या शतकाच्या आरंभी एक नवे संगीत उदयास आले. त्यालाच जॅझ असे म्हणतात.

जॅझमध्ये दोन गोष्टी मुख्य आहेत. पहिली म्हणजे सवाल-जवाब. गोंधळात किंवा पोवाड्यात मुख्य गायक एक ओळ म्हणतो आणि झीलकरी ती उचलून धरतात; तसेच येथे वाद्यांचा एक गट सूर टाकतो व दुसरा गट त्याला उत्तर देतो. दुसरी गोष्ट म्हणजे ऐन वेळची रचना. गवई जसा रागाची चौकट न मोडता दर वेळी नवी तान घेतो आणि अचूक समेवर येतो, तसाच जॅझचा वादक चालीची चौकट सांभाळून त्या क्षणी सुचेल ते वाजवितो. म्हणूनच तीच धून तोच वादक दुसऱ्या दिवशी वाजवू लागला, तरी ती अगदी तशीच वाजत नाही.

आरंभी जॅझच्या मेळात पाच-सात वादक असत. पुढे १९२० नंतर मोठमोठ्या नृत्यगृहांत शेकडो माणसे जमू लागली. त्या काळी आवाज मोठा करण्याची साधने तुटपुंजी होती. तेव्हा मेळच मोठा करण्यात आला. यालाच ‘बिग बँड’ म्हणजे मोठा वाद्यवृंद असे नाव पडले. त्यात साधारणपणे पंधरा ते अठरा वादक असतात. तीन-चार ट्रंपेट, तीन-चार ट्रॉम्बोन आणि पाच सॅक्सोफोन हे त्याचे तीन गट होत. चौथा गट तालाचा. त्यात पियानो, गिटार, उंच उभा धरून वाजविण्याचा डबल बास आणि ढोल-झांजांचा संच येतो. यांपैकी सॅक्सोफोन हे वाद्य बेल्जियमच्या आदोल्फ साक्स याने निर्माण केले आणि १८४६ साली त्याचे स्वामित्व मिळविले. ते पितळेचे असले, तरी त्याचा सूर क्लॅरिनेटप्रमाणे वेताच्या पातळ पत्तीच्या कंपनांतून निघतो. म्हणून त्याची गणना पितळी वाद्यांत होत नाही. सतरा-अठरा जणांनी एकाच वेळी मनास येईल ते वाजविले, तर केवळ गोंगाट होईल. यासाठी प्रत्येक गटाने काय वाजवावे हे आधी स्वरलिपीत लिहून काढावे लागते. या लिखित भागात मधूनमधून मोकळ्या जागा ठेवलेल्या असतात. तेथे एकेक वादक उभा राहून आपल्या मनची रचना वाजवितो आणि इतर जण त्याला साथ देतात. शिस्त आणि स्वातंत्र्य यांचा असा मेळ हेच मोठ्या वाद्यवृंदाचे सौंदर्य होय.

हे संगीत महाराष्ट्रात पोहोचले ते मुंबईच्या बंदरातून. १९०३ साली सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलच्या नृत्यदालनात १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद वाजू लागला. त्याच्यामागून ट्रंपेट वाजविणारा क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हे आले. स्वतःच्या देशात त्यांना रंगामुळे पदोपदी अवहेलना सोसावी लागे. मुंबईत त्यांच्या कलेची चाहत होती. वेदरफोर्ड तर भारतातच राहिला आणि १९४५ साली कोलकात्यात मरण पावला.

या परदेशी कलावंतांचे वादन कान देऊन ऐकणाऱ्यांमध्ये गोव्याचे तरुण आघाडीवर होते. गोव्यातील खेड्यापाड्यांत चर्चला जोडून शाळा असत. तेथे मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी वाचण्यास आणि व्हायोलिन वाजविण्यास शिकवीत. त्या शिक्षणाच्या बळावर कित्येक मुले मोठी झाल्यावर मुंबईस येत. धोबी तलावाच्या परिसरात त्यांच्या गावांनी चालविलेली ‘कूड’ नावाची वसतिस्थाने होती. तेथे एका खोलीत दाटीवाटीने राहून ते दिवसा काम शोधीत आणि रात्री हॉटेलांत वाजवीत. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून १९६१ पर्यंत ताजमधील वाद्यवृंदाचे नेतृत्व केले. गोव्यातील हळदोणे गावी १९१६ साली जन्मलेले अंतोनियो झेवियर वाझ हे ट्रंपेट वाजविण्यात इतके निपुण झाले की रसिक त्यांची तुलना अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगशी करू लागले. मुंबई त्यांना ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखत असे. फ्रँक फर्नांड नावाचे दुसरे एक ट्रंपेटवादक १९४६ साली मसुरीत महात्मा गांधींना भेटले. त्या भेटीनंतर, आपण परक्यांचे संगीत वाजवितो तर त्यात आपल्या देशाचे सूर का मिसळू नयेत, या विचाराने त्यांच्या मनात घर केले.

या सर्वांनी रात्रीमागून रात्री जे संगीत वाजविले, त्यापैकी किती टिकून राहिले? फारच थोडे. याचे कारण समजण्यासाठी ध्वनिमुद्रणाची रीत पाहिली पाहिजे.

ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. १८७७ साली थॉमस एडिसन याने या कंपनांनी एक सुई हलवून त्यांचा माग कथिलाच्या पत्र्यावर उमटविला आणि त्याच मागावरून सुई पुन्हा फिरविताच तोच आवाज परत ऐकू आला. दहा वर्षांनी एमिल बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी आणली आणि ग्रामोफोनचा जन्म झाला. आरंभी वादकांना एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीने बसावे लागे. कर्ण्यात शिरणाऱ्या आवाजाच्या जोरावरच सुई हलत असे. त्यामुळे हलक्या आवाजाची वाद्ये अगदी पुढे आणि ट्रंपेटवाले पार मागे, अशी व्यवस्था करावी लागे. ढोल जोराने वाजला तर सुईच उडत असे. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले. कर्ण्याची जागा ध्वनिग्राहकाने म्हणजे मायक्रोफोनने घेतली. मायक्रोफोन हवेच्या कंपनांचे विजेच्या कमीअधिक प्रवाहात रूपांतर करतो. तो प्रवाह पुढे वाढवून त्याने सुई हलविता येते. आता दूर बसलेल्या वादकाचा नाजूक सूरही टिपता येऊ लागला.

ज्या तबकड्या बाजारात येत, त्या लाखेच्या असत. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणारे बारीक किडे ही लाख तयार करतात आणि ती जगाला पुरविण्यात भारत अग्रेसर होता. अमेरिकेतील वाद्यवृंदाचे सूर भारतातील रानात तयार झालेल्या लाखेवर उमटत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पण या तबकडीला एक मोठी मर्यादा होती. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे या वेगाने फिरताना तिची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपत असे. म्हणून वादकांना घड्याळाकडे पाहत, रिकाम्या दालनात, तीन मिनिटांत बसेल एवढेच वाजवावे लागे. ज्या वादकाला रंगात येण्यासच पाच मिनिटे लागतात, त्याचे खरे वादन अशा तबकडीत यावे कसे? शिवाय समोर श्रोते नसत. समोरची माणसे मान डोलावू लागली म्हणजे कलावंताला जे बळ येते, तेही येथे मिळत नसे. नृत्यदालनातील उत्तमोत्तम रात्री हवेत विरून गेल्या, त्या यामुळेच.

भर सभेत चाललेल्या वादनाचे ध्वनिमुद्रण किती मोलाचे ठरू शकते, हे १९३८ सालच्या एका घटनेने दाखवून दिले. त्या वर्षी १६ जानेवारी रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या प्रख्यात सभागृहात बेनी गुडमन याच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. गुडमन स्वतः क्लॅरिनेट वाजवीत असे. अभिजात युरोपीय संगीतासाठी बांधलेल्या त्या वास्तूत जॅझसारखे नाचाचे संगीत शोभेल काय, अशी शंका अनेकांना होती. आणखी एक गोष्ट त्या काळी धाडसाची होती. गोरे आणि कृष्णवर्णीय कलावंत एका मंचावर सहसा एकत्र बसत नसत. त्या रात्री मात्र टेडी विल्सन, लायोनेल हॅम्प्टन आणि काउंट बेसी यांच्यासारखे कृष्णवर्णीय कलावंत गोऱ्या वादकांबरोबर वाजविण्यास बसले.

सभागृहात मंचाच्या वर एक मायक्रोफोन टांगलेला होता. त्यातून निघालेला प्रवाह तारांवरून शहरातील ध्वनिमुद्रणालयात नेण्यात आला आणि तेथे तबकड्यांवर कोरला गेला. अशा वेळी दोन यंत्रे जवळजवळ ठेवीत. एक तबकडी भरत आली की दुसरी सुरू करावयाची, म्हणजे वादनात खंड पडत नसे. कार्यक्रमाच्या अखेरीस एक लांबलचक धून चालली असता एक अनपेक्षित गोष्ट घडली. गुडमनचे वादन संपताच पियानोवर बसलेल्या जेस स्टेसी याला वाजविण्याची संधी मिळाली. कार्यक्रमात तशी योजना नव्हती. एवढा वेळ ढोलांचा गडगडाट चालला होता. तो एकाएकी मंदावला आणि स्टेसीने अत्यंत हळुवार, प्रार्थनेसारखे वादन आरंभिले. सारे सभागृह स्तब्ध झाले. दोन मिनिटांची ती रचना पूर्वी कधी झाली नव्हती आणि पुढे कधी तशी होणार नव्हती. पण ती तबकडीवर उतरली होती. त्या तबकड्या पुढे बारा वर्षे गुडमनच्या घरातील एका कपाटात पडून राहिल्या. दरम्यान १९४८ साली एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक काळ वाजणारी नवी, मंद वेगाची तबकडी निघाली होती. १९५० साली जुन्या तबकड्या बाहेर काढून त्यांवरून अशा नव्या तबकड्या करण्यात आल्या आणि ती हिवाळ्यातील रात्र जगभरच्या रसिकांना लाभली.

भर सभेतील ध्वनिमुद्रणात पुन्हा संधी नसते. दालनात चूक झाली तर थांबून पुन्हा आरंभ करता येतो. सभेत तसे करता येत नाही. त्याचप्रमाणे जागेचाही विचार करावा लागतो. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा चैत्यगृहात, एखादा स्वर लावला असता तो कमानदार छतावरून परावृत्त होऊन बराच वेळ रेंगाळतो. तेथे भजन गोड वाटेल. पण भराभर वाजणाऱ्या वाद्यमेळाचे सूर एकमेकांत मिसळून जातील. उलट उघड्या मैदानात सूर परत येतच नाहीत आणि वारा त्यांना कोठेही घेऊन जातो. कोणता मायक्रोफोन कोणत्या वाद्यापासून किती अंतरावर ठेवावा, हे ठरविणे म्हणूनच कौशल्याचे काम आहे. वरातीत ढोलाच्या शेजारून चालणाऱ्यास क्लॅरिनेट ऐकू येत नाही, हा अनुभव पुष्कळांना असतो. मायक्रोफोनचा कानही असाच असतो. त्याच्या जवळ जे असेल, ते त्याला मोठे वाटते.

१९५६ साली ७ जुलैच्या रात्री अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील संगीत महोत्सवात ड्यूक एलिंग्टन याचा वाद्यवृंद उघड्यावर वाजत होता. एलिंग्टन हा थोर रचनाकार. परंतु त्या सुमारास मोठ्या वाद्यवृंदांचे दिवस सरले असे लोक म्हणू लागले होते. मध्यरात्र जवळ आली होती आणि काही श्रोते उठून जाऊ लागले होते. तेव्हा एलिंग्टनने जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची आपली एक रचना काढली आणि पॉल गोन्साल्विस या सॅक्सोफोनवादकाला मधल्या मोकळ्या जागेत मनसोक्त वाजविण्यास सांगितले. गोन्साल्विस हे आडनाव गोव्यातही आढळते. या वादकाचे पूर्वज आफ्रिकेजवळील केप व्हर्दे बेटांचे होते, आणि ती बेटेही गोव्याप्रमाणेच पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. या रचनेचे एक आवर्तन बारा मापांचे, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे. गोन्साल्विसने अशी सत्तावीस आवर्तने न थांबता वाजविली! निघालेले लोक परत फिरले. कोणी नाचू लागले, कोणी खुर्च्यांवर चढले. त्या एका रात्रीने एलिंग्टनच्या वाद्यवृंदास नवे आयुष्य दिले.

पण ध्वनिमुद्रणात घोटाळा झाला होता. मंचावर दोन मायक्रोफोन होते. एक तबकडी काढणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा नभोवाणीचा. वादनाच्या भरात गोन्साल्विस नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला. परिणामी कंपनीच्या फितीवर त्याचा आवाज दूरवरून आल्यासारखा क्षीण उमटला. शिवाय वाद्यवृंदाच्या काही रचना मनाजोग्या झाल्या नव्हत्या. तेव्हा त्या पुढे दालनात पुन्हा वाजवून घेण्यात आल्या आणि त्यांना श्रोत्यांच्या टाळ्यांची जोड देण्यात आली. तबकडी अतिशय गाजली. पण ऐकणाऱ्यास वाटे तेवढी ती खरी नव्हती. बऱ्याच वर्षांनी नभोवाणीची फीत एका ग्रंथालयात सापडली. दोन्ही फिती काळजीपूर्वक जुळविण्यात आल्या. एका फितीतून मंचाची एक बाजू आणि दुसरीतून दुसरी बाजू ऐकू येऊ लागली, आणि १९९९ साली त्या रात्रीचे खरे वादन स्पष्टपणे लोकांसमोर आले. दोन साक्षीदारांच्या जबान्या एकत्र केल्या म्हणजे घटना उलगडावी, तसेच हे झाले.

महाराष्ट्रात मोठ्या वाद्यवृंदाचे संगीत ध्वनिमुद्रणात उतरले ते मुख्यतः चित्रपटांच्या द्वारे. औरंगपुऱ्यातील घराघरांत जी जुनी चित्रपटगीते ऐकली जातात, त्यांतील कित्येकांत ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ढोलांचा संच खणखणतो. याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत संगीतकार सी. रामचंद्र हे प्रमुख होत. रामचंद्र नरहर चितळकर हे त्यांचे संपूर्ण नाव. गोदावरीच्या काठी, चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेल्या पुणतांबे गावी १९१८ साली त्यांचा जन्म झाला. मराठी लावणीचा ठसका आणि जॅझचा ठेका या दोहोंवर त्यांचे सारखेच प्रेम होते. त्यांना चिक चॉकलेट यांची साथ लाभली. मास्टर भगवान यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ या चित्रपटात चिक चॉकलेट आणि त्यांचे सहकारी वाद्ये घेऊन प्रत्यक्ष पडद्यावरही दिसतात.

त्या काळातील गीतांचे ध्वनिमुद्रण जवळजवळ भर सभेतील वादनासारखेच होई. आज गायकाचा आवाज वेगळा आणि प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करून मागाहून ते एकत्र जोडता येतात. तेव्हा तशी सोय नव्हती. गायक आणि पंचवीस, कधी पन्नासही वादक एकाच दालनात एकाच वेळी बसत. कोणी मायक्रोफोनपासून किती पावले दूर उभे राहावे, हे तालमीच्या वेळी ठरवीत. सर्वांनी मिळून गीत आरंभापासून अखेरपर्यंत वाजवावयाचे. शेवटच्या ओळीत एखाद्याचा सूर चुकला, तर सर्वांचे श्रम वाया जात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. चूक एकाची, पण शिक्षा सर्वांना. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्यासाठी सावध असे.

अनेक संगीतकार चाल गाऊन दाखवीत. ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून काढण्याचे काम अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे जाणकार करीत. यांपैकी अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर रचलेले संगीत मोठ्या वाद्यवृंदाकरवी सादर केले. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनीही भाग घेतला होता. एवढे असूनही या कलावंतांची नावे सर्वसामान्य श्रोत्यांना फारशी ठाऊक झाली नाहीत. तबकडीवर गायकाचे आणि संगीतकाराचे नाव छापलेले असे. ट्रंपेट कोणी वाजविला, सॅक्सोफोन कोणाचा, हे छापण्याची रीत नव्हती. सूर राहिले, पण सूर काढणारे अनामिक झाले. सातव्या लेण्यातील वादक स्त्रियांचे रूप उरले आणि सूर गेले. येथे त्याच्या उलट घडले.

१९६३ साली ड्यूक एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन भारतात आला. दिल्ली, मुंबई आदी शहरांत त्याचे कार्यक्रम झाले. न्यूपोर्ट गाजविणारा पॉल गोन्साल्विसही त्याच्यासमवेत होता. पौर्वात्य देशांतील या प्रवासाच्या आठवणींतून एलिंग्टन आणि त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनी पुढे एक संगीतमाला रचली. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. धोबी तलावाजवळील रंगभवन या उघड्या नाट्यगृहात देशोदेशींचे कलावंत वाजवून गेले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या भागातील कुडींतून गोव्याचे तरुण वाद्याची पेटी हाती घेऊन निघत, तेथेच आता जगातील नामवंत वादक येऊ लागले.

आता ध्वनिमुद्रण ही श्रीमंत कंपन्यांचीच मिरास राहिलेली नाही. हातात मावेल अशा दूरध्वनीनेही ते करता येते. १९४७ साली देशी संस्थानांची जी पाच नभोवाणी केंद्रे होती, त्यांपैकी एक याच शहरात होते. तेव्हा एखादा आवाज दूरवर पोहोचविण्यास यंत्रांनी भरलेली इमारत लागत असे. आज औरंगपुऱ्यातील कोणताही मुलगा वा मुलगी आजीची ओवी, देवळातील भजन किंवा वरातीतील बँड टिपून ठेवू शकते. मात्र साधन सोपे झाले म्हणून काम आपोआप चांगले होत नाही. आवाज टिपण्यापूर्वी त्या वादकाची अनुमती घेतली पाहिजे. आपले यंत्र कोठे धरावे याचा विचार केला पाहिजे. ढोलाजवळ उभे राहिल्यास क्लॅरिनेट हरवेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाबरोबर चार गोष्टी लिहून ठेवल्या पाहिजेत: दिवस कोणता, स्थळ कोणते, धून कोणती आणि वाजविणारे कोण.

वादक एका क्षणासाठी आपल्या आयुष्याची सारी साधना पणास लावतो. तो क्षण पकडून ठेवणे हे यंत्राचे काम. तो कोणाचा होता हे ध्यानात ठेवणे हे माणसाचे काम. ही दोन्ही कामे जेथे नीट पार पडतात, तेथेच ध्वनिमुद्रण पूर्ण झाले असे म्हणता येईल.

स्वाध्याय

१. वरात कोपऱ्यावरून वळल्यावर ढोलाचा आवाज क्लॅरिनेटपेक्षा अधिक वेळ का ऐकू येतो?
२. मोठ्या वाद्यवृंदात ‘शिस्त आणि स्वातंत्र्य यांचा मेळ’ कसा साधला जातो, ते थोडक्यात लिहा.
३. लाखेच्या तबकडीमुळे वादकांना कोणत्या अडचणी येत?
४. न्यूपोर्ट येथील ध्वनिमुद्रणात कोणता घोटाळा झाला आणि तो पुढे कसा दूर करण्यात आला?
५. ‘सूर राहिले, पण सूर काढणारे अनामिक झाले.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. आपल्या गावातील एखाद्या वादकास भेटून त्याचे वाद्य, त्याचे गुरू आणि त्याची आवडती धून यांविषयी माहिती मिळवा व ती दहा ओळींत लिहा.